द स्टोन रोझेस (अल्बम, १९८९)

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातल्या ‘द स्टोन रोझेस’ या बँडचा स्वतःच्याच नावाने निघालेला पहिला अल्बम. सिल्व्हरटोन या कंपनीने तो मे १९८९ च्या आरंभी प्रसिद्ध केला. बहुतेक संदर्भांत २ मे ही तारीख आढळते. गायक इअन ब्राउन, गिटारवादक जॉन स्क्वायर, बास गिटार वाजवणारे गॅरी माउनफील्ड ऊर्फ मानी आणि ड्रमवादक अ‍ॅलन रेन ऊर्फ रेनी या चौघांनी तो वाजवला. मूळ ब्रिटिश आवृत्तीत अकरा गीते असून त्यांच्या लेखनाचे श्रेय ब्राउन व स्क्वायर यांना दिलेले आहे. सिल्व्हरटोन ही झोम्बा या मोठ्या संगीत-उद्योगसमूहाचीच शाखा होती. तथापि ब्रिटनच्या इंडी, म्हणजे स्वतंत्र कंपन्यांच्या संगीताच्या, क्रमवारीत त्या काळी कंपनीच्या मालकीपेक्षा वितरण स्वतंत्र असणे हा निकष असल्यामुळे या अल्बमची गणना इंडी संगीतात होते.

हा अल्बम ‘मॅडचेस्टर’ प्रवाहात, म्हणजे मँचेस्टरमधील हासिएंडा या नाइट क्लबभोवती वाढलेल्या अ‍ॅसिड हाउस नृत्यसंगीताचा आणि गिटार बँडचा जेथे मेळ पडला त्या वर्गात घालण्याचा प्रघात आहे. गीतांचा रचनाकाळ पाहता हे वर्गीकरण पुरते टिकत नाही. बँडने १९८५ मध्ये निर्माते मार्टिन हॅनेट यांच्यासमवेत केलेले ध्वनिमुद्रण त्या वेळी अप्रकाशित राहिले आणि १९९६ मध्ये ‘गॅरेज फ्लॉवर’ या नावाने बाहेर आले. त्यात ‘आय वॉना बी अडोर्ड’ आणि ‘धिस इज द वन’ ही दोन्ही गीते आहेत. मँचेस्टरमध्ये अ‍ॅसिड हाउसची लाट साधारणतः १९८८ च्या उन्हाळ्यात आली, हे लक्षात घेतले तर अल्बमचा निदान काही भाग त्या लाटेच्या आधीच रचला गेला होता हे स्पष्ट होते. नृत्यसंगीताचा ठसा निर्विवादपणे उमटतो तो नोव्हेंबर १९८९ मधील ‘फूल्स गोल्ड’ या एकल गीतात. पुन्हापुन्हा फिरणाऱ्या ड्रमच्या तुकड्यावर उभे असलेले हे गीत मूळ ब्रिटिश अल्बममध्ये नव्हते. ते ब्रिटिश क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत गेले, आणि त्याच महिन्यात ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या एकाच भागात हा बँड व मँचेस्टरचाच ‘हॅपी मंडेज’ हा बँड दोघेही झळकले. मे महिन्यातल्या अल्बमवर नोव्हेंबरमधील गीताची ओळख चिकटली ती बहुधा यामुळे. अल्बम नृत्यानुकूल आहे असे मानणाऱ्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की रेनी यांच्या वादनात मोकळा झुलता ठेका आहे. परंतु तो हाताने वाजवलेला आहे, यंत्राने फिरवलेला नाही. एकंदरीत साठच्या दशकातील ‘बर्ड्‌स’सारख्या बँडच्या खणखणत्या गिटार-पॉपशी या अल्बमचे नाते जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

निर्मात्याची निवडही याच मताला पुष्टी देते. जॉन लेकी यांनी लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत उमेदवारी केली होती आणि ‘एक्सटीसी’ या बँडने ‘ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटोस्फिअर’ या नावाखाली साठच्या दशकातील सायकेडेलिक संगीताचा जो हुबेहूब घाट उभा केला, त्याचे ध्वनिमुद्रणही केले होते. ‘द स्टोन रोझेस’चे काम १९८८-८९ मध्ये लंडनमधील बॅटरी व कॉंक आणि वेल्समधील रॉकफील्ड या स्टुडिओंत झाले.

गीतांपैकी तिसरे आणि चौथे एकत्र ऐकण्याजोगे आहे. ‘वॉटरफॉल’मध्ये स्क्वायर तारा एकेक छेडत स्वरावली फिरवतात आणि रेनी मागून दुसऱ्या सुराने गळा मिळवतात. लगेच पुढचे ‘डोन्ट स्टॉप’ म्हणजे त्याच गीताची फीत उलटी वाजवून तयार केलेली पार्श्वभूमी. तीवर ब्राउन यांनी नव्या ओळी सुलट गायल्या आहेत. उलट्या फितीवर नाद क्षीणतेकडून वाढत जाऊन एकाएकी तुटतो, त्यामुळे गिटारचा प्रत्येक आघात आत ओढला गेल्यासारखा भासतो. ही युक्ती साठच्या दशकातच रूढ झाली होती. आदल्या गीताचाच कच्चा माल वापरून सबंध दुसरे गीत उभे करणे, आणि ते मूळ गीताच्या शेजारीच ठेवणे, हे मात्र धाडसाचे होते.

आरंभीच्या ‘आय वॉना बी अडोर्ड’मध्ये अस्पष्ट गुरगुरीतून आधी बास व मग गिटार वर येते आणि गायन बरेच उशिरा सुरू होते, शब्द मोजकेच आहेत. ‘एलिझाबेथ माय डिअर’ हे मिनिटभराचेही नसलेले राजेशाहीविरोधी गीत ‘स्कारबरो फेअर’ या इंग्लिश लोकगीताच्या चालीवर बेतलेले आहे. शेवटचे ‘आय अ‍ॅम द रेझरेक्शन’ आठ मिनिटांहून थोडे अधिक चालते आणि त्याचा निम्म्याहून मोठा भाग केवळ वाद्यांचा आहे. ध्वनिचाचणीच्या वेळी मानी बीटल्सच्या ‘टॅक्समन’मधील बासची लकेर उलटी वाजवत आणि इतर जण साथ करत, त्यातून या गीताचा उगम झाला अशी हकीकत सांगितली जाते. त्या वाद्यभागात तिघे वादक एकमेकांना जी वाट करून देतात, तिला ब्रिटिश गिटार-पॉपमध्ये फारशी तोड नाही.

मुखपृष्ठावरील चित्र स्क्वायर यांचे असून अल्बममधील ‘बाय बाय बॅडमॅन’ या गीताचेच नाव त्याला आहे. रंग शिंपडण्याची त्याची शैली अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक यांच्या वळणाची आहे. डाव्या कडेला फ्रेंच तिरंग्याचे पट्टे आणि वर लिंबाच्या चकत्या दिसतात. मे १९६८ मधील पॅरिसच्या विद्यार्थी उठावात अश्रुधुरावर उतारा म्हणून लिंबू वापरले जाई, असे ब्राउन यांना प्रवासात भेटलेल्या एका फ्रेंच माणसाकडून कळले होते.

प्रकाशनावेळचा प्रतिसाद बेताचा होता. १९८९ मध्ये अल्बम ब्रिटिश क्रमवारीत ३२ व्या स्थानापुढे सरकला नाही. २००३ मध्ये ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या ब्रिटिश संगीत-नियतकालिकाने त्याला सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत पहिले स्थान दिले. सिल्व्हरटोनबरोबरचा करार मे १९९१ मध्ये न्यायालयाने अवैध ठरवल्यावर बँड मुक्त झाला आणि ‘सेकंड कमिंग’ हा दुसरा अल्बम डिसेंबर १९९४ मध्ये गेफन या कंपनीकडून निघाला. पहिल्या अल्बमची विसाव्या वर्षाची आवृत्ती लेकी व ब्राउन यांनी नव्याने संस्कारित केली. २००९ मध्ये ती ब्रिटिश क्रमवारीत पाचव्या स्थानी पोहोचली.