दुसऱ्याचं रडू झेपावं लागतं

पंचवटीतल्या एखाद्या अंगणवाडीत सकाळचा तासभर बसून पाहा. खेळताना एखादं पोर धपकन पडतं आणि भोकाड पसरतं. भोवतीची तीन-चार वर्षांची मुलं थबकतात. एकजण त्याच्याकडे बघता बघता स्वतःच रडू लागतो. दुसरा पाठ फिरवून लांब जातो. आणि एखादी चिमुरडी डब्यातले दोन मनुके काढून पडलेल्याच्या हातात ठेवते.

रडू लागलेल्या त्या मुलाबद्दल मला नेहमी जास्त वाटतं. मित्राचं दुःख त्याला कळलंय, इतकं की ते त्याला झेपत नाही. मानसशास्त्रज्ञ नॅन्सी आयझेनबर्ग यांनी हाच फरक वर्षानुवर्षं अभ्यासला. दुसऱ्याचं दुःख पाहून आपणच कासावीस होणं वेगळं आणि त्याच्याविषयी कळवळा वाटणं वेगळं. कासावीस झालेलं मूल आधी स्वतःला सावरायला धडपडतं. मदतीचा हात पुढे करायला मन थोडं थाऱ्यावर लागतं.

ते थाऱ्यावर कसं येतं, याचा एक धागा आईपाशी सापडतो. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये घरोघरी जाऊन आई आणि बाळांचं निरीक्षण केलं. बाल्टिमोरमधली २६ कुटुंबं त्यांनी बाळाच्या पहिल्या वर्षभर पाहिली. आईची संवेदनशीलता म्हणजे काय, हे त्यांनी नेमकं मांडलं: बाळाची खूण लक्षात येणं, तिचा अर्थ बरोबर लागणं, आणि वेळेवर, साजेसा प्रतिसाद देणं.

यातलं मधलं काम सर्वांत अवघड. नाशिकच्या बुधवारच्या बाजारात, गंगेवर म्हणजे गोदाकाठी, गर्दीत मूल पदर ओढत किरकिरतं. आईला वाटतं फुगा हवाय. ती तो घेऊनही देते. रडं थांबत नाही, कारण मूल गर्दीला घाबरलेलं असतं. "भीती वाटली का रे? ये, कडेवर ये," एवढ्यानं ते शांत होतं. माया दोन्हीकडे आहे, पण रडण्याचा अर्थ दुसऱ्या वेळी लागला. असं शेकडो वेळा घडलं की आपली घालमेल वर चढते तशी खालीही उतरते, हे मुलाच्या अंगवळणी पडतं. पुढे दुसऱ्याचं रडणं ऐकून ते गांगरून जात नाही.

चांगुलपणा मुळात आई मुलात भरते, असं मात्र नाही. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं, की अनोळखी माणसाच्या हातून कपड्यांचा चिमटा पडला आणि तो उचलायला त्याचा हात पुरेना, तर दीड वर्षाची मुलंसुद्धा तो उचलून देतात, कुणी न सांगता, बक्षिसाशिवाय. पुढच्या एका प्रयोगात तर मदतीबद्दल खेळणं मिळालेल्या मुलांची मदत नंतर कमी झाली. 'शहाण्यासारखं वागलास तर चॉकलेट' म्हणण्याआधी हे आठवावं.

आईची संवेदनशीलता आणि मुलाचा दयाळूपणा यांचा संबंध अभ्यासांत दिसतो, पण तो बेताचाच आहे. जुळ्यांवरच्या संशोधनात आनुवंशिकतेचा वाटाही दिसतो. शिवाय शांत स्वभावाच्या बाळाच्या खुणा ओळखणं आईलाही सोपं जातं. म्हणून मूल हट्टी निघालं की 'आईच कमी पडली' हे जे आपल्याकडे पटकन बोललं जातं, त्याला या विज्ञानाचा आधार नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या निरीक्षणांत तर निरोगी आई-बाळांचे सूरही बराच वेळ जुळलेले नसतात. महत्त्वाचं असतं ते चुकलेला सूर पुन्हा जुळणं. आणि तो एकट्या आईनंच जुळवायला हवा असंही नाही. दिंडोरीकडे द्राक्षांच्या हंगामात आई बागेत असते, तेव्हा घरी आजी असते, आणि वडीलही असू शकतात.

अंगणवाडीतल्या ताई पडलेल्या मुलाचा गुडघा पुसतात आणि मग त्या रडणाऱ्या दुसऱ्याला जवळ घेतात. "तो पडला म्हणून घाबरलास ना?" तो मान हलवतो, हुंदके ओसरतात. थोड्या वेळानं तो उठतो आणि पडलेल्या मित्राशेजारी जाऊन बसतो.