बांधकामाशेजारील प्रयोगशाळेचे कामकाज

प्रयोगशाळेला लागून जुनी इमारत पाडणे, पाया खोदणे किंवा भुयार काढणे सुरू झाले, की प्रयोग, उपकरणे आणि प्रयोगप्राणी यांच्या बचावासाठी कामाच्या वेळा, जागा व पद्धती काही काळ बदलाव्या लागतात. अडचण जुनी आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ मध्ये बर्लिनला प्रकाशाच्या व्यतिकरणाचा, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींवर पडून उजेड-अंधाराचे पट्टे उमटण्याचा, प्रयोग मांडला, तेव्हा शहरातल्या हादऱ्यांमुळे मध्यरात्रीसुद्धा हे पट्टे स्थिर राहिनात. अखेर उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलवावे लागले.

माणसाला जमिनीचे कंपन साधारण १०० मायक्रोमीटर प्रति सेकंद या वेगाच्या आसपास जाणवू लागते. संवेदनशील उपकरणांसाठीचे प्रचलित कंपन-निकष (‘व्हायब्रेशन क्रायटेरिया’, म्हणजे ‘व्हीसी’) त्याहून खूप कडक आहेत: त्यांतल्या सैल ‘व्हीसी-ए’ची मर्यादा ५० मायक्रोमीटर प्रति सेकंद आहे, तर कडक ‘व्हीसी-ई’ची सुमारे ३. त्यामुळे ‘आम्हाला तर काहीच जाणवत नाही’ या उत्तरावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचे काम सोपवता येत नाही. खोदकामाआधीच कंपनमापक बसवून नेहमीच्या दिवसाची नोंद घेतलेली असावी. ती नसेल तर पुढे बिघाडाचे कारण बांधकाम की उपकरण, हे ठरवणे जवळजवळ अशक्य होते. हवेच्या दाबावर तरंगणारे टेबल जलद कंपने अडवते, मात्र ज्या वारंवारतेला ते स्वतःच डोलू लागते त्या अनुनादाच्या पट्ट्यातली, म्हणजे सेकंदाला काही वेळा होणारी (काही हर्ट्झची), मंद कंपने ते उलट वाढवते. मऊ जमिनीतून नेमकी अशीच कंपने दूरवर पोहोचतात.

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे ठेकेदाराबरोबर ठरवलेले वेळापत्रक. पायाचे खांब ठोकून बसवण्याऐवजी जमिनीत भोक पाडून काँक्रीटचे ओतले तर हादरे बरेच कमी होतात, पण ही मागणी आराखड्याच्या टप्प्यावरच करावी लागते. काम सुरू झाल्यावर ब्रेकर (काँक्रीट फोडण्याचे यंत्र) चालवण्याचे तास ठरवून घेणे, नाजूक मापने रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी घेणे, आणि मर्यादा ओलांडताच काम थांबवू शकेल अशा एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवणे, एवढे तरी हवेच. क्रेन आणि लोखंडी सामान हलले की आसपासचे चुंबकीय क्षेत्रही बदलते. त्याचा फटका एनएमआर यंत्रांना (प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने रेणूंची रचना तपासणाऱ्या यंत्रांना) हादऱ्याविनाही बसतो.

प्राणिगृहाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते, कारण तिथे केवळ मापन बिघडत नाही, जीव सोसतो. उंदराची श्रवणक्षमता साधारण १ किलोहर्ट्झपासून सुरू होऊन ८० किलोहर्ट्झच्याही पुढे जाते. माणसाला त्रास देणारी खोल घरघर त्याला फारशी ऐकू येत नाही, पण धातू घासल्याचा जो तीव्र आवाज आपल्या कानांना कळतच नाही तो त्याला ऐकू येतो, आणि पिंजऱ्यातून येणारा हादरा पायांना जाणवतो. ताणाखाली प्रजनन घटते, माद्या पिल्ले टाकून देतात किंवा मारतात. म्हणून प्रजनन चालू असलेले पिंजरे दूरच्या खोलीत, आणि तेही खोदकामाच्या बऱ्याच आधी न्यावेत. हलवण्याचाही ताण असतोच. वर्तनाचे प्रयोग सरळ पुढे ढकलणे उत्तम.

माती उकरली की अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू उडतात आणि पेशीसंवर्धन दूषित होते. हवा आत घेणारी झडप बांधकामाकडे असेल तर डिझेलचा धूरही आत येतो. गाळण्या लवकर बदलणे, दारांपाशी चिकट पायपुसणी घालणे आणि खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त राखणे, हे नेहमीचे उपाय. धोकादायक जंतूंच्या खोलीत मात्र दाब आतच कमी ठेवावा लागतो, तिथे हा शेवटचा उपाय चालत नाही. उणे ८० अंशांच्या शीतपेट्यांना जनित्राची जोड आणि तापमानाची सूचनाघंटा हवी. खोदताना वीजतार तुटणे ही नेहमीची घटना आहे. अमूल्य नमुन्यांचा एक वाटा दुसऱ्या इमारतीत असावा.

प्रयोगवहीत त्या दिवशीचे बांधकाम तासानुसार टिपले, तर विदा (डेटा) तपासताना संशयास्पद भाग वेगळा काढता येतो. बांधकाम संपल्यावर तराजू व सूक्ष्मदर्शी पुन्हा अंशांकित करावे लागतात, आणि कंपनाची मूळ नोंदही नव्याने घ्यावी लागते, कारण उभ्या राहिलेल्या इमारतीची उद्वाहने, पंप व रोहित्रे यापुढे कायम चालणार असतात.