परिसर आणि मनःस्वास्थ्य

परिसर आणि मनःस्वास्थ्य : राहत्या व कामाच्या जागेतील प्रकाश, आवाज, हवा, गर्दी आणि झाडोरा यांचा माणसाच्या झोपेवर, लक्षावर, चिडचिडीवर व एकूण मनःस्थितीवर होणारा परिणाम. त्याचा अभ्यास पर्यावरणीय मानसशास्त्र या शाखेत केला जातो. घराच्या रचनेची उदाहरणे येथे मुख्यतः इंदूरच्या मराठी वस्तीतून घेतली आहेत.

उगम : या विचाराचा भारतीय उगम बहुधा वास्तुग्रंथांत दाखवला जातो. माळव्यात त्यासाठी समरांगणसूत्रधाराचे नाव पुढे येते. हा ग्रंथ धारच्या परमार भोजाचा, म्हणजे साधारण अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. तो राजाने स्वतः लिहिला की त्याच्या आश्रयाने दरबारी पंडितांनी सिद्ध केला, यावर एकमत नाही. विषयांचा पसारा पाहता दुसरा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. त्याची छापील आवृत्ती त. गणपतिशास्त्री यांनी संपादित केली आणि ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये दोन भागांत निघाली. ग्रंथात घराचे दोष आणि त्यांची फळे सांगितली आहेत, पण फळांची सांगड दिशा, शकुन व वर्ण यांच्याशी आहे. राहणाऱ्याला जागेचा अनुभव कसा येतो, हा तेथे प्रश्नच नाही. त्यामुळे वास्तुशास्त्राला आजच्या शाखेचे पूर्वरूप म्हणणे ओढूनताणून होते.

त्याहून जवळचा पुरावा चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात शोधन-उपचारांसाठी (वमन, विरेचन इत्यादींसाठी) घर कसे सिद्ध करावे ते सांगितले आहे : ते पक्के असावे, निवात (वाऱ्याचा झोत न लागणारे) असावे, पण त्याच्या एका भागात वारा खेळावा (‘प्रवातैकदेशम्’), आत सुखाने वावरता यावे, धूर, ऊन, पाणी व धूळ आत येऊ नये, आणि नकोसे शब्द, स्पर्श, रस, रूप, गंध यांचीही बाधा होऊ नये. ते वास्तुविद्येत कुशल माणसाने बांधावे असे म्हटले आहे. पुढे परिचारकांबरोबर गाणारे, वाजवणारे आणि गोष्टी सांगणारेही नेमले आहेत. संहितेचा काळ इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत धरण्याकडे कल आहे. संहितेचा अपुरा भाग नंतर पुरा करणाऱ्या दृढबलाने पुरवलेल्या भागात हा अध्याय येत नाही, म्हणून तो जुन्या थरातला मानायला हरकत नाही. येथे घर थेट रोग्याच्या इंद्रियांशी जोडले आहे, हे महत्त्वाचे.

आधुनिक शाखेचा आरंभही तीन ठिकाणी सांगितला जातो. जर्मनीत विली हेलपाख यांनी १९११ मध्ये हवामान व भूप्रदेश यांच्या मानसिक परिणामांवर लिहिले. एगॉन ब्रुन्सविक यांनी १९४३ मध्ये शाखेचे आजचे नाव वापरले. आणि न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत हॅरॉल्ड प्रोशान्स्की व विल्यम इटेल्सन यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाअखेरीस स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. संस्था म्हणून विचार केला तर तिसरा टप्पा निर्णायक.

ताबा आणि गर्दी : नावडत्या गोष्टीपेक्षा ती आपल्या हातात नसणे अधिक त्रास देते, हा या शाखेतला सर्वांत टिकाऊ निष्कर्ष म्हणता येईल. डेव्हिड ग्लास व जेरोम सिंगर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सर्वांना सारखाच कर्कश, अनियमित आवाज ऐकवला, पण काहींना तो बंद करण्याचे बटण दिले. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही नंतरच्या मुद्रितशोधनात व कोड्यांत बटणवाले अधिक टिकले.

गर्दीबाबत दाटी (दर चौरस मीटरमागे माणसे) आणि दाटीचा जाच हा भेद डॅनियल स्टोकोल्स यांनी १९७२ मध्ये मांडला. त्याआधी जॉन कॅलहून यांच्या उंदरांवरील प्रयोगांवरून (१९६२) माणसांच्या वस्त्यांबद्दल सरसकट भाकिते केली जात. ती आता मागे पडली आहेत. भारतीय पुराव्यात गॅरी इव्हान्स, म. न. पलसाने व सहकारी यांचा १९८९ चा अभ्यास मोलाचा आहे. दाटीच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबप्रमुखांचे मानसिक आरोग्य ढासळते ते मुख्यतः घरातल्या माणसांचा परस्पर आधार ओसरल्यामुळे, असे त्यात आढळले. गर्दीत माणूस स्वतःला मिटून घेतो आणि आधाराच्या वेळीही मिटलेलाच राहतो.

इंदूरच्या जुन्या मराठी वाड्यांची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ओटला, देवडी, चौक, ओसरी, माजघर अशी पायरी-पायरीने खासगी होत जाणारी जागा घरातल्या माणसाला भेटीगाठींचे प्रमाण ठरवू देते. फेरीवाला ओटल्यापर्यंत, ओळखीचा चौकापर्यंत, आप्त ओसरीवर. फ्लॅटमध्ये हे सारे एका दारावर येते. दार उघडले की थेट दिवाणखाना. दाराआत चार-पाच फुटांचा आडोसा ठेवला तरी फरक पडतो.

चौक : चौकाचे गुणगान पुष्कळ होते, त्याची मापे मात्र क्वचितच दिली जातात. इंदूर सुमारे २२.७ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर मध्यान्ही सूर्य तेथे क्षितिजापासून सुमारे ४४ अंशांवर असतो. म्हणून चौकाची दक्षिणोत्तर रुंदी दक्षिणेकडील भिंतीच्या उंचीपेक्षा थोडी तरी जास्त असेल तरच हिवाळ्यात मध्यान्हीचे ऊन फरशीला लागते. बारा फुटी चौक आणि वीस फुटी भिंत असेल तर ऊन उत्तरेच्या भिंतीवरच थांबते आणि खालचा भाग हिवाळाभर गार व ओलसर राहतो. याउलट मेअखेरीस सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि दुपारी तोच चौक तापतो. माळव्याचे पठार सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यातही रात्री उतार पडतो. ‘शब-ए-मालवा’ची (माळव्यातल्या रात्रीची) ख्याती उगीच नाही. त्यामुळे रात्री दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंती निववायच्या आणि सकाळी आठ-नऊच्या आत पडदे ओढून बंद करायच्या, हा जुना रिवाज शास्त्राला धरून आहे.

अलीकडे माकडे, पाऊस व चोरी यांच्या धाकाने चौकावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे घालतात. उजेड येतो, पण वर चढलेली गरम हवा कोंडते आणि वरच्या मजल्याच्या खोल्या रात्रीही निवत नाहीत. पत्रा कठड्याच्या वर एक-दीड फूट उचलून चारही बाजूंना जाळी ठेवली तर हा दोष बराच टळतो.

प्रकाश व हवा : डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी पाहण्यासाठी नव्हे, तर शरीराचे घड्याळ लावण्यासाठी प्रकाश टिपतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. तज्ज्ञांच्या २०२२ च्या शिफारशीनुसार डोळ्यापाशी दिवसा किमान २५०, झोपेआधीचे तीन तास कमाल १० आणि झोपेत कमाल १ लक्स (या पेशींच्या संवेदनक्षमतेनुसार मोजलेला) प्रकाश असावा. खोलीच्या आतल्या बाजूला दिवसा बहुधा याहून कमीच उजेड असतो. टेबल खिडकीपासून तीन-चार फुटांवर, उजेड बाजूने येईल असे ठेवणे हा बिनखर्ची उपाय.

राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी खिडक्या जमिनीच्या किमान एक-दशांश, उष्ण-दमट हवामानासाठी एक-षष्ठांश धरल्या आहेत. १२ × १० फुटांच्या खोलीला पहिल्या हिशेबाने ३ × ४ फुटांची खिडकी पुरते. परंतु सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणजे वाऱ्याला सहाच चौरस फूट मिळतात.

आवाज : ध्वनिप्रदूषणाबाबतच्या २००० च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा (सकाळी ६ ते रात्री १०) ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, शांतता क्षेत्रात ५० व ४०. न्यूयॉर्कमध्ये रेल्वेपुलालगतच्या शाळेत रुळांकडच्या वर्गातली मुले वाचनात मागे पडल्याचे अर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवले. रुळांखाली रबर व छताला ध्वनिशोषक बसवल्यावर तफावत नाहीशी झाली. घरात जाड पडदे लावून रस्त्याचा आवाज थांबत नाही, फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. आवाज फटींतून येतो. आधी चौकटीच्या फटी बुजवाव्यात, मग काचेचा विचार करावा.

झाडोरा : रॉजर उल्रिख यांचा १९८४ चा अभ्यास सर्वत्र उद्धृत होतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे २३ रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत, तर विटांची भिंत दिसणारे २३ रुग्ण ८.७० दिवसांत घरी गेले. पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रुग्णालय एकच आणि रुग्ण ४६, हे मात्र उद्धृत करणारे सहसा सांगत नाहीत. उल्रिख याचे कारण ताण उतरण्यात पाहतात, तर रेचेल व स्टीफन कॅप्लन थकलेले लक्ष ताजे होण्यात. अभ्यास वा कार्यालयीन काम यांच्या संदर्भात कॅप्लन यांचा पक्ष अधिक उपयोगी पडतो. कुंडीतल्या रोपांनी खोलीची हवा शुद्ध होते हा समज बंद पेटीतल्या प्रयोगांवरून पसरला; २०१९ च्या फेरतपासणीप्रमाणे वारा खेळत्या खोलीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित शेकडो रोपे लागतील.

इंदूर : शहराच्या पातळीवर हा विचार येथे स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी आणला. बडोद्यासाठी १९१६ मध्ये अहवाल दिल्यानंतर त्यांनी होळकर दरबारासाठी केलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. जुने मोहल्ले सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. पडीक घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागी झाड व पार करावा, नद्यांचे काठ साफ करावेत, असा त्यांचा आग्रह. प्लेगच्या त्या काळात त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढल्याची, उंदराच्या व डासाच्या प्रचंड प्रतिकृती नाचवल्याची आणि मिरवणुकीचा मार्ग स्वच्छ ठेवलेल्या गल्ल्यांतूनच नेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. ती बहुधा १९१७ ची असावी. तिचा तपशील प्रामुख्याने गेडिस यांच्या चाहत्यांच्या लेखनातून येतो. तेव्हा त्यांना ‘एका दिवसाचे महाराज’ केल्याचा वगैरे भाग जपून घ्यावा. २०१७ ते २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणांत इंदूर सलग पहिले आले (२०२३ मध्ये सुरतसह). घरोघरचा ओला-सुका कचरा वेगळा उचलणे हा त्याचा पाया.