कार्बन स्थिरीकरणाचे नियमन

हवेतला कार्बन डायऑक्साइड साखरेत बांधण्याचा वेग वनस्पती ज्या यंत्रणांनी वाढवते, घटवते किंवा थांबवते, त्यांचे हे एकत्रित नाव. हे काम हरितलवकाच्या (पेशीतल्या हिरव्या कणाच्या) पीठिकेत, म्हणजे आतल्या द्रवात, केल्व्हिन चक्र या विक्रियांच्या साखळीत होते. पाठ्यपुस्तके त्याला ‘अप्रकाशी विक्रिया’ म्हणतात. नाव फसवे आहे; बहुतेक वनस्पतींत अंधार पडला की काही मिनिटांतच हे चक्र थंडावते.

थंडावणे गरजेचेही असते. रात्री हरितलवक दिवसा साठवलेला स्टार्च मोडत असते. तेव्हाच चक्रही चालू राहिले तर इकडे मोडायचे, तिकडे जोडायचे आणि मध्ये एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) जाळायचे, असा प्रकार होईल. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बांधायला ३ एटीपी आणि इलेक्ट्रॉन पुरवणारे २ एनएडीपीएच लागतात.

ऊन पडले की पीठिकेचा सामू (पीएच) सुमारे ७ वरून ८ वर जातो आणि तिथले मॅग्नेशियम वाढते. शिवाय प्रकाशामुळे सुटलेले काही इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिन या इलेक्ट्रॉनवाहक प्रथिनाकडून थायोरेडॉक्सिन या लहान प्रथिनाकडे जातात. ते फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज, फॉस्फोरिब्युलोकायनेज अशा चक्रातल्या विकरांमधले (विक्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमधले) गंधकाच्या दोन अणूंचे पूल तोडते आणि विकरे जागी होतात. हेच थायोरेडॉक्सिन साखर मोडणाऱ्या ग्लुकोज-सहा-फॉस्फेट डिहायड्रोजनेजला मात्र निजवते. एकाच कळीने एक दिवा लागतो, दुसरा विझतो.

कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे मुख्य विकर मुळात संथ, एका क्रियास्थळी सेकंदाला जेमतेम ३ रेणू बांधणारे. कामाला लागण्यापूर्वी त्याच्या लायसिन या अमिनो आम्लावर कार्बन डायऑक्साइडचा एक वेगळा रेणू आणि त्यावर मॅग्नेशियम बसावे लागते. क्रियास्थळात अडकलेले साखर-फॉस्फेट रुबिस्को ॲक्टिव्हेज हे मदतनीस प्रथिन एटीपी खर्चून उपसून काढते. रुबिस्कोची क्रियाशीलता मोजताना प्रयोगशाळेत नवखे इथेच फसतात. पान द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून, अर्क काढताच मोजलेली क्रियाशीलता ही पानातली खरी स्थिती. तोच अर्क बायकार्बोनेट आणि मॅग्नेशियमसोबत सुमारे १० मिनिटे ठेवून मोजला की एकूण क्षमता कळते. दोहोंचे गुणोत्तर म्हणजे सक्रियतेचे प्रमाण. राजम्याचे पान पहाटेपूर्वी तोडले तर हा दुसरा आकडाही कमी येतो, कारण रात्री तयार होणारा एक रोधक (काम अडवणारा रेणू) रुबिस्कोला घट्ट चिकटलेला असतो.

उष्णतेत आधी हार मानते ते ॲक्टिव्हेज. रुबिस्को स्वतः बरीच उष्णता सोसते, पण गव्हासारख्या थंडीच्या पिकात ३५ अंशांच्या पुढे ॲक्टिव्हेज ढेपाळते आणि चांगले रुबिस्को बसून राहते. सावलीतल्या पानावर अचानक ऊन आले तरी पूर्ण वेग गाठायला काही मिनिटे जातात. पर्णरंध्रे उघडायला तर त्याहून अधिक.

साखरेची उचल मंदावली तरीही चक्र अडते. चक्रात बनलेले ट्रायोज फॉस्फेट (तीन कार्बनची साखर) हरितलवकाबाहेर जाते तेव्हा बदल्यात तेवढेच फॉस्फेट आत येते; सुक्रोज बनणे रखडले की फॉस्फेट परतत नाही आणि एटीपी बनवायला ते कमी पडते.

ऊस, ज्वारी, मक्यात आधी पेप कार्बोक्सिलेज हे दुसरे विकर कार्बन पकडते. ते दिवसा फॉस्फेट जोडून तेज केले जाते. अननस, घायपात, पानफुटीत हीच जोडणी रात्री, अंतर्गत घड्याळाबरहुकूम होते आणि पकडलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत) साठतो. पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव होते, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात चाखून पाहिले होते. त्यांची ही नोंद १८१५ साली छापली गेली.