आधी दुखलं, की आधी उलटी झाली?

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एमबीबीएसची मुलं पहिल्यांदा वॉर्डात केस घ्यायला उभी राहतात, तेव्हा प्रश्नांची यादी तोंडपाठ असते. दुखतं का, उलटी होते का, ताप येतो का, भूक लागते का? खाटेवरचे काका सगळ्याला मान डोलावतात आणि निदान आहे तिथेच राहतं. पोटाच्या बहुतेक आजारांत लक्षणं तीच ती असतात. बदलतो तो त्यांचा क्रम, आणि तो विचारायचं मात्र नेमकं राहून जातं.

अपेंडिक्सचं घ्या. वागळे इस्टेटमध्ये कामाला असलेला विशीतला मुलगा आहे असं समजा. काल दुपारी डबा उघडला, पण जेवावंसं वाटेना. संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागलं. कुठे विचारलं तर अख्खा तळहात पोटावर फिरवून ‘इथेच सगळं’ म्हणाला. रात्री दोनदा उलटी झाली. सकाळी दुखणं उजवीकडे खाली उतरलं आणि आता तो एका बोटाने जागा दाखवतोय, अंग किंचित तापलंय. तळहाताचं बोट झालं, इथे निम्मं निदान होतं.

असं होण्याचं कारण नसांमध्ये आहे. अपेंडिक्सकडून येणाऱ्या वेदनेच्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात, तिथेच बेंबीजवळच्या त्वचेच्या नसाही येतात. त्यामुळे सुरुवातीला मेंदूला बेंबीच दुखतेय असं वाटतं. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचते. या अस्तराच्या नसा त्वचेच्या नसांसारख्याच नेमका ठिकाणा सांगणाऱ्या असतात. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही दुखरी जागा दाखवून दिली. शिकागोच्या जॉन मर्फी यांनी क्रमावर बोट ठेवलं: आधी दुखणं, मग उलटी, मग ताप. उलट्या-जुलाब आधी सुरू होऊन दुखणं मागाहून आलं, तर बाहेरचं खाणं बाधल्याची शक्यता जास्त. म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांच्यात हा क्रम बिघडू शकतो, तेवढं ध्यानात ठेवायचं.

आणखी एक प्रश्न ठाण्यात हमखास विचारावा: ‘येताना रिक्षा आदळली तेव्हा कळ आली का?’ चेष्टा नाही. ब्रिटनमध्ये यावर रीतसर अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये छापून आला. गतिरोधकांवरून प्रवास करून आलेल्यांपैकी अपेंडिक्सच असल्याचं ठरलेल्या ३४ जणांत ३३ जणांचं दुखणं त्या धक्क्यांनी वाढलं होतं. ते इतर आजारांतही वाढतं, त्यामुळे ‘हो’पेक्षा ‘नाही’ हे उत्तर जास्त कामाचं. घोडबंदर रोडने आलेल्या पेशंटला धक्के बसले की नाही, हे वेगळं विचारायला नको.

कावीळ तर पूर्ण तारखांवर चालते. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई मध्ये आधी काही दिवस बारीक ताप, मळमळ आणि अन्नाची शिसारी असते. मग लघवी गडद होते, त्यानंतर डोळे पिवळे. गंमत अशी की डोळे पिवळे होईस्तोवर ताप बहुधा ओसरलेला असतो आणि लवकरच भूकही परतू लागते. ठाणे-रायगड पट्ट्यात हाताला चुना चोळून कावीळ उतरवून देतात. तिथे माणूस जातो तो डोळे पिवळे झाल्यावर, म्हणजे आजार उताराला लागताना. श्रेय चुन्याला जातं.

क्रम मोडला की मात्र सावध व्हायचं. डोळे पिवळे आणि थंडी वाजून ताप अजूनही चढताच असेल, तर पित्तनलिकेत अडकलेला खडा, मलेरिया किंवा तुंबलेल्या पाण्यातून आलेला लेप्टो असू शकतो. साठीच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्ताची वाट कुठेतरी अडलीय. स्वादुपिंडाचा कॅन्सरही मनात आणायला हवा. गरोदरपणातली हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकते. तिथे आणि पेशंट गुंगीत जाऊ लागला तर एक दिवसही घरी काढू नये.

टायफॉइडमध्ये तपासणीलाच तिथी असते. ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘विडाल’ करून घेणारे पुष्कळ. ती चाचणी रक्तातल्या अँटिबॉडी शोधते आणि त्या तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. पहिल्या आठवड्यात खरं उत्तर देतं ते ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणारी तपासणी, तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्त घेतलं तर. आतड्याला भोक पडण्याचा धोका बहुधा तिसऱ्या आठवड्यात असतो. माझ्या मते एकट्या विडालच्या कागदावर टायफॉइड ठरवणं बंद व्हायला हवं.

सोनोग्राफीचंही तसंच. पित्ताशयातले खडे काहीच त्रास नसलेल्या पुष्कळांत सापडतात. दुखणं जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून तासन्‌तास टिकलं, उजव्या खांद्याकडे गेलं, तरच खड्याला दोष द्यायचा.

अल्सर करणारा एच. पायलोरी हा जंतू श्वासाच्या चाचणीत सापडतो. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला आणि २००५ मध्ये त्यांना रॉबिन वॉरेन यांच्यासह नोबेल मिळालं. पण सकाळची गॅसची गोळी दोन आठवडे बंद न ठेवता चाचणी केली, तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो.

एका पेशंटपुढे मात्र हे सगळं बाजूला ठेवायचं. पन्नाशीचे गृहस्थ, डायबेटिस, छातीच्या खाली जळजळ, घाम फुटलेला. म्हणतात ‘गॅस अडकलाय’. हृदयाचा खालचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकून असतो आणि तिथला झटका थेट पोटात दुखल्यासारखा जाणवू शकतो. इथे आधी इसीजी, तोही पोचल्यापासून दहा मिनिटांत. बाकी विचारपूस नंतर. अँटासिड पिऊन बरं वाटलं असं ते म्हणाले, तरीही.