थंडी सोसणारे भात : जंगली वाणाचा माग

जंगली भाताकडे पैदासकार प्रथम वळले ते थंडीसाठी नव्हे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रासी स्टंट या विषाणूरोगाला दाद न देणारे जनुक ओरायझा निवारा या जंगली भातात सापडले, तेही सहा हजारांहून अधिक नमुने तपासल्यावर एकाच नमुन्यात. थंडीचा धागा १९७८ मध्ये चीनच्या जियांगशी प्रांतात डोंगशियांगला मिळालेल्या ओरायझा रुफिपोगॉन या जंगली भातापासून सुरू होतो. ही जागा सुमारे २८ अंश उत्तरेला आहे. आपला गोवा १५ वर. डोंगशियांगला हिवाळ्यात पाने करपतात, पण बुंधा जगतो आणि वसंतात पुन्हा फुटतो.

खरा गोंधळ ‘थंडी सहनशील’ या शब्दाचा आहे. बुंधा हिवाळा काढतो ही एक गोष्ट, तरवा (कोवळी रोपे) पिवळा न पडता वाढतो ही दुसरी, आणि पोटरीतले (लोंबी अजून खोडातच असतानाचे) पीक दाणा भरते ही तिसरी. तिन्हींची जनुके बरीचशी वेगळी. लोंबी बाहेर पडण्याच्या दहा-बारा दिवस आधी पारा सतत १७-१८ अंशांखाली राहिला तर परागकण पोसले जात नाहीत आणि लोंबीत पळींज (पोकळ दाणे) राहते. १९९३ च्या थंड उन्हाळ्यात जपानचे सुमारे चौथाई भात असे गेले. उपाय साधा : त्या दिवसांत १५-२० सेंटीमीटर पाणी उभे ठेवायचे, कारण कोवळी लोंबी तेव्हा बुंध्याजवळच असते. २०१५ मध्ये गाजलेले ‘कोल्ड-वन’ जनुक मात्र रोपावस्थेचे. त्याचे थंडी सोसणारे रूप चिनी जंगली भातातूनच जपोनिका या लागवडीच्या भातगटातल्या वाणांत आले, म्हणजे प्राचीन शेतकऱ्यांनी ते आधीच निवडले होते. रोपांची चाचणी काही दिवसांत उरकते म्हणून संशोधन तिकडे झुकले. आमच्या मते पोटरीकडे दुर्लक्ष झाले.

संकरात दाणे गळणे, लांब कुसळे, लाल तांदूळ, पसरट वाढ हेही सोबत येते. म्हणून लागवडीच्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करतात : तिसऱ्या फेरीनंतर जंगली वाटा सरासरी सव्वासहा टक्के उरतो. तरीही हव्या जनुकाला चिकटलेला नको असलेला तुकडा सुटेलच असे नाही. ओरायझा ऑफिसिनॅलिससारख्या दूरच्या भावंडाशी केलेल्या संकराचा गर्भ तर प्रयोगशाळेत वाचवावा लागतो.

गोव्यातल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, पिकणाऱ्या कोरगुट या स्थानिक वाणाची ताकद खारेपणा सोसण्यात आहे, थंडीत नाही. वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातहंगामात) नोव्हेंबरच्या मध्यात पेरलेले १२० दिवसांचे वाण जानेवारी संपता संपता पोटरीत येते. पेरणी पंधरवडाभर पुढे नेली तर ती अवस्था फेब्रुवारीच्या मध्यावर जाते.