तांबट आळीतला ठोका आणि वाचणाऱ्याचा मेंदू

‘पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत फार गोंगाट होता.’ हे वाक्य वाचून कानात काहीच वाजत नाही. आता हे पाहा: ‘तांबट हंडा मठारत होता आणि दर ठोक्यासरशी फळीवरची ताम्हनं किणकिणत होती.’ इथे जागा, माणूस आणि वस्तू एकदम समोर येतात, तेही ‘फार’, ‘छान’ असा एकही शब्द न वापरता.

असं का होतं? केंब्रिजमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये लोकांना चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशा अर्थाची क्रियापदं वाचायला दिली आणि त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. जीभ, बोटं किंवा पाय प्रत्यक्ष हलवताना मेंदूचे जे भाग काम करतात, त्यांच्या आसपासचेच भाग नुसत्या वाचनानेही जागे झाले. २००६ मध्ये स्पेनमधल्या एका प्रयोगात दालचिनीसारखे वासाचे शब्द वाचताना मेंदूतली वासाची केंद्रं सक्रिय झालेली दिसली. म्हणून वाचकाला खरोखर वास येतो, असं मात्र समजू नये. ही हालचाल अर्थ कळण्यासाठी लागते की अर्थ कळल्यावर मागून उमटते, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे. तरीही लिहिणाऱ्यासाठी यातला इशारा मला मोलाचा वाटतो. ‘मंडईत छान वास येत होता’ यातल्या ‘छान’ला नाकच नाही; ‘मंडईत कोथिंबिरीच्या ओल्या जुड्यांचा वास येत होता’ याला आहे.

पण तपशिलांचा ढीगही उपयोगाचा नाही. आपली कार्यकारी स्मृती एका वेळी साधारण ३ ते ५ गोष्टीच धरून ठेवते. नाक, चष्मा, टोपी, कोट, काठी, चपला अशी यादी दिली की शेवटाला येईपर्यंत नाक निसटलेलं असतं. त्यापेक्षा एक कृती निवडावी: लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात आजी साडीचा पदर चिमटीत धरतात आणि ट्यूबलाइटखालून उठून दाराच्या उजेडात नेतात.

काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही. या अवस्थेला २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ हे नाव मिळालं. अशा वाचकाला साडीचा रंग कितीही रंगवून सांगितला तरी तो मनात दिसणार नाही. पण आजींचा दुकानदारावर विश्वास नाही, हे त्यालाही त्या दारापर्यंतच्या चार पावलांत कळतं.